चिमूटभर तपकीर आणि मतभेदाची अदब

तपकिरी रंग सगळ्यांना ठाऊक आहे. तपकीर मात्र आता फार थोड्यांना. रंगपेटीतली तपकिरी कांडी घेऊन मुले झाडाचे खोड रंगवतात, मातीचे घर रंगवतात. हा रंग ज्या पुडीवरून आला ती पुडी एके काळी आजोबांच्या खिशात असायची, हे त्यांना सांगावे लागते. वस्तू जवळजवळ गेली, तिचा रंग भाषेत राहिला. आमच्या लहानपणी तलवाड्यात मात्र वस्तूही होती आणि तिच्यावरून तावातावाने भांडणारे दर्दीही होते.

तलवाडा हे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातले गाव. त्वरिता देवीचे गाव म्हणून पंचक्रोशी त्याला ओळखते. बाजारच्या दिवशी असरच्या नमाजनंतर पारावर चौघेजण बसत. एक तांबोळी मामू, एक कपडे शिवणारे चाचा, एक निवृत्त मास्तरसाहेब आणि एक माळकरी आबा. चौघांच्या खिशात चार डब्या आणि चौघांची मते चार. आमच्या घरात तपकिरीला 'नास' म्हणत, आबांच्या घरात 'तपकीर'. नावापासूनच मतभेदाला सुरुवात.

मामूंना गुलाबाचा वास दिलेली नास लागे. त्यांचे म्हणणे, नास खानदानी असावी. तिने आधी सलाम करावा, मग बोलावे. आबा हसून म्हणत, "तंबाखूला तंबाखूचाच वास यावा. गुलाब पाहिजे असेल तर फूल हुंगा की!" चाचांना पेपरमिंटची थंडगार लागे. दिवसभर सुईवर नजर ठेवून डोके जड होते, ती ओढली की डोक्यातले जाळे निघते, हा त्यांचा अनुभव. मास्तरसाहेबांना हे सगळेच पोरकट वाटे. त्यांची तपकीर जरा जाडसर, ओलसर, तुपाचा हात लागलेली. "कोरडी बारीक तपकीर उद्धट असते, न विचारता घशापर्यंत जाते. ओलसर असते ती उंबऱ्यावर थांबते," असे ते सांगत. एकदा मामूंची डबी हुंगून चाचांनी विचारले, "ये नास है के दुल्हन?" त्यावर आठवडाभर हशा चालला.

आम्ही पोरे हे ऐकत बसायचो. गंमत अशी की, हे चौघे वासाबद्दल बोलताना माणसांबद्दलचे शब्द वापरत. शरीफ, उद्धट, चुगलखोर, गरीब. तपकिरीलाही जणू मिजाज होता. आणि शिंक आली की नवाच पेच. मामू "अलहम्दुलिल्लाह" म्हणत, आम्ही "यरहमुकल्लाह" म्हणायचे. पण मुद्दाम तपकीर ओढून आणलेल्या शिंकेलाही हा जबाब द्यायचा का, यावर चाचा नेहमी वाद घालत. इकडे आबांच्या घरी कुणी कामाला निघताना शिंकले तर माणूस दोन मिनिटे थांबे. एकाच शिंकेचा एका दारात शुक्र, दुसऱ्या दारात अपशकुन! तरीही शिंकणारे एकाच पारावर बसत.

इतक्या वर्षांत त्यांचा वाद मिटला नाही. मिटणार तरी कसा? तपकीर म्हणजे तंबाखूची पाने सुकवून, मुरवून, कुटून, वस्त्रगाळ केलेली पूड. कुणी तिला चुना लावतो, कुणी तूप. कुणी गुलाब, लवंग, वेलची घालतो. म्हणजे जिन्नसच एक नाही. पण एकाच डबीतली चिमूट चौघांनी ओढली तरी मते चारच राहत. याचे कारण आता विज्ञानाने दिले आहे. रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक या दोन शास्त्रज्ञांनी नाकातल्या गंधग्राहकांची जनुके १९९१ साली शोधली आणि त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. माणसाच्या नाकात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात आणि ते सगळ्यांचे सारखे नसतात. म्हणून तर कोथिंबिरीचा वास कुणाला भूक लावतो आणि कुणाला साबणासारखा येतो. चाचांचा पेपरमिंटचा थंडावा तर नुसता वासही नव्हे. थंडी जाणवणाऱ्या मज्जातंतूंना मेंथॉलने दिलेली ती हूल आहे. थोडक्यात, मामू आणि आबा एकाच डबीबद्दल बोलत होते, पण एकाच वासाबद्दल बोलत नव्हते. दोघेही खरे होते.

इथेच आम्हाला एक प्रश्न पडतो, आणि तो तपकिरीपेक्षा मोठा आहे. दोघेही खरे असू शकतात, हे मान्य केले तर मग सगळेच मतभेद असे आहेत का? 'ज्याची त्याची आवड' म्हणून सगळेच सोडून द्यायचे? की काही ठिकाणी थांबून 'हे बरोबर, हे चूक' असे म्हणावेच लागते?

तंबाखूच्या निमित्ताने हा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही पडला होता. अकबराच्या दरबारात तंबाखू नेला तो असद बेगने, आणि नेला तो आपल्या दख्खनमधून, विजापूरहून. साल साधारण १६०४. दरबारी हकिमांनी हरकत घेतली की, या वस्तूचा उल्लेख आमच्या ग्रंथांत नाही. असद बेगचे उत्तर होते की, आपल्या ग्रंथांत नाही एवढ्यावरून एखादी वस्तू वाईट ठरत नाही. बादशहाला हा युक्तिवाद आवडला, पण हुक्क्याची सवय त्याने स्वतःला लावून घेतली नाही. पुढे १६१७ साली जहांगीरने तंबाखूला मनाई केली. तिकडे उस्मानी सुलतान चौथा मुराद याने १६३३ मध्ये तंबाखूवर बंदी घालून मोडणाऱ्याला देहदंड ठेवला. ख्रिस्ती जगही मागे नव्हते. पोप आठवा अर्बन याने १६४२ साली सेव्हिलच्या चर्चमध्ये तंबाखू आणि तपकीर वापरणाऱ्यांना बहिष्काराची धमकी दिली. उलेमांमध्ये तर उघड दोन तट पडले. कुणी हराम म्हटले, कुणी मकरूह, कुणी मुबाह. दमास्कसचे अब्दुल गनी नाबुलुसी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंबाखू मुबाह असल्याच्या बाजूने एक रिसाला लिहिला. त्यांच्या निष्कर्षाशी आज आम्ही सहमत नाही. पण रिसाल्याच्या नावाचा आरंभ आम्हाला मोहवतो: 'अस्सुल्ह बैनल इख्वान', म्हणजे भावाभावांतला समेट. वाद घालायला बसलेला माणूस आधी समोरच्याला भाऊ म्हणतो. पारावरचे चौघे हा रिसाला वाचलेले नव्हते, तरी त्यांची रीत हीच होती. भांडून झाले की, प्रत्येकजण आपली डबी उघडून आधी दुसऱ्यापुढे धरत असे.

पण नुसत्या समेटाने प्रश्न सुटत नाही. हदीसमध्ये एक प्रसंग आहे. कच्चा लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, असे प्रेषित मुहंमद (स.) यांनी सांगितले. लोकांना वाटले, लसूण हराम झाला. तेव्हा त्यांनी खुलासा केला की, अल्लाहने हलाल केलेली वस्तू आपण हराम करू शकत नाही. मात्र त्या वनस्पतीचा वास आपल्याला आवडत नाही. आम्हाला हा खुलासा फार मोलाचा वाटतो. यात तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. माझी नावड ही माझी नावड; तिचा कायदा होत नाही. शेजाऱ्याला त्रास होतो तिथे मात्र माझी आवड आवरायची, ही अदब. आणि हलाल-हराम, हित-अहित यांचा निवाडा माझ्या नाकाच्या हाती नाही.

या तीन गोष्टींची सरमिसळ झाली की, दोन चुका होतात. त्या दोन्ही आम्ही अनुभवल्या आहेत.

पहिली चूक म्हणजे आपल्या नाकाला न्यायाधीश करणे. शिक्षणासाठी शहरात गेलो तेव्हा खोली शोधत फिरलो. एका घरमालकाने नाव विचारले, मग जरा थांबून म्हणाले, "तुमच्या स्वयंपाकाचा वास आमच्या लोकांना चालत नाही." तेव्हा आमच्याजवळ स्वयंपाकाचे एक भांडेसुद्धा नव्हते. वास आलेला नव्हताच. आला होता तो नावाचा. राग आला, आणि तो रास्त होता. पण त्या रात्री आठवले की, आमच्याकडेही कातडीचे काम करणाऱ्यांच्या गल्लीतून जाताना नाकाला रुमाल लावणारे होते, आणि त्या गल्लीत सोयरीक करायची नाही असे त्याच तोंडाने सांगणारेही होते. नाकाला नकोसे वाटणे हा गुन्हा नाही. पण 'मला हा वास आवडत नाही' या वाक्यावरून 'ही माणसेच हलकी' या वाक्यावर उडी मारणे, हा जुलूम आहे. पारावर 'उद्धट' म्हटले जाई ते तपकिरीला. तपकीर ओढणाऱ्याला नव्हे. एवढा फरक त्या चौघांनी सांभाळला होता.

दुसरी चूक उलटी आहे, आणि ती कबूल करायला आम्हाला अधिक जड जाते. जे सत्य आहे त्याला आवडीचा प्रश्न करून टाकणे. जॉन हिल या इंग्रज वैद्याने १७६१ सालीच अति तपकिरीपासून सावध केले होते आणि नाकात होणाऱ्या घातक गाठींचे दाखले दिले होते. आज जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगविषयक संस्था धूर न होणाऱ्या तंबाखूलाही माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत गणते. आपल्या देशाच्या २००३ च्या तंबाखू कायद्याच्या यादीत तपकीर नावानिशी आहे. यात गुलाब आणि पेपरमिंट असा मतभेद संभवत नाही. निकोटीनला वासाची पर्वा नसते.

तरीही पारावर हे कुणी बोलत नसे. रमजानमध्ये मगरिबपर्यंत डबी बंद ठेवावी लागे, आणि खजूर तोंडात पडताच मामूंचा हात खिशाकडे जाई. तो हात थरथरताना आम्ही पाहिला आहे. आम्ही हसलो. त्याला आम्ही शौक म्हटले. सुंदर विशेषणांचा एक तोटा असा की, त्यांच्या आड व्यसनालाही शराफत येते.

आणि पारावर ज्यांना जागाच नव्हती, त्यांचे काय? आमच्या घरात एक चाची होत्या. त्या तव्यावर तंबाखू काळा होईस्तोवर भाजत, कुटत आणि ती मिश्री सकाळ-संध्याकाळ दातांना लावत. आबांच्या घरातल्या बायाही लावत. घरभर जळका वास भरे, आम्ही खोकत बाहेर पळायचो. पुरुषांच्या तपकिरीला खानदान होते, मिजाज होता, पारखी होते. बायकांच्या मिश्रीला एक विशेषणही नव्हते. ती गुलाबी असावी की लवंगी, हे चाचींना कधी कुणी विचारले नाही. ती घातक आहे, हेही कधी कुणी सांगितले नाही. गालाच्या आत पांढरा चट्टा पडला तेव्हा त्यांनी तो दोन वर्षे पदराआड लपवला. दवाखान्यात नेले तेव्हा उशीर झाला होता. मयतीच्या दिवशी पारावरचे चौघेही आले. त्या दिवशी एकही डबी उघडली नाही. पण बोलले कुणीच नाही, आम्हीही नाही. मोठ्यांपुढे काय बोलायचे, अशी आम्ही मनाची समजूत घातली. ती अदब नव्हती. अदब म्हणून आम्ही जी पांघरली, ती भीती होती.

नाकाचा एक गुणधर्म आहे. एकच वास सतत येत राहिला की, नाक तो नोंदवणेच सोडून देते. म्हणून आपल्या घराचा वास आपल्याला कळत नाही, पाहुण्याला उंबऱ्यातच कळतो. माणसाच्या सवयींचे, जमातीच्या रूढींचेही असेच असावे. म्हणून वेगळ्या नाकाचा माणूस जवळ हवा. गुलाबाच्या धुंदीत असलेल्या मामूंना 'हा तंबाखू आहे' याची आठवण आबाच करून देत. मतभेद असणारा शेजारी ही अडचण नसते. आपल्याला न येणारा आपलाच वास सांगणारा तो माणूस असतो. अट एवढीच की, त्याने प्रेमाने सांगावे आणि आपण राग न धरता ऐकावे.

आता ते चौघेही नाहीत. गेल्या ईदला गावी गेलो तेव्हा पेटीच्या तळाशी मामूंची पितळी डबी सापडली. त्यांच्या मुलाने आठवण म्हणून कधी तरी आमच्या घरी दिलेली. आम्ही भावंडांनी ती उघडली. डबी रिकामी होती, पण वास राहिला होता. एकजण म्हणाला गुलाब. दुसरा म्हणाला लवंग. तिसऱ्याला नुसते पितळ जाणवले. थोडा वेळ आम्ही मजेत भांडलो आणि तो वाद तसाच ठेवला.

तेवढ्यात घरातल्या लहान मुलीने विचारले, "यात काय असायचं?" आम्ही तिला तपकिरी रंगाची गोष्ट सांगितली. मग चाचींचीही सांगितली. डबी धुतली नाही. तिच्यात पुन्हा काही भरलेही नाही.