हटवाद्याशी बोलावे तरी कशासाठी?

मत बदलायचेच नाही असे ज्याने ठरवले आहे, त्याच्याशी बोलणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असे म्हणून आपण मोकळे होतो. समोरच्याने ‘तुमचेच खरे’ म्हटले तरच बोलणे सार्थकी लागले, हे आपण त्यात धरूनच चालतो. सोलापूरच्या मातीतले दोन प्रसंग पाहिले की हे गृहीत टिकत नाही.

भवानी पेठेतल्या तेलुगू विणकरांपासून कन्नड-मराठी घरांपर्यंत सारे शहर ज्यांना ग्रामदैवत मानते, ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकात इथे तलाव खोदवून घेत होते. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथातल्या कथेनुसार शिवशरण अल्लमप्रभू तिथे आले आणि त्यांनी सिद्धरामांना चक्क दगडफोड्या ठरवले. शिष्य दगड घेऊन धावले, स्वतः सिद्धरामही संतापले. तरीही पुढे तेच अल्लमांबरोबर कल्याणला (आजच्या बसवकल्याणला), बसवण्णांच्या अनुभवमंटप या धर्मचर्चेच्या सभेत गेले. अपमानाने कोणी शहाणा होत नाही. मग हे घडले कसे? अल्लमांनी बाहेरची कसोटी आणलीच नव्हती. शिव सर्वत्र आहे ही सिद्धरामांचीच श्रद्धा, आणि त्याला बांधकामात का शोधतोस, हा प्रश्न त्या श्रद्धेच्या पोटातूनच निघालेला. शिवाय आजवरचे सारे आयुष्य फुकट गेले अशी कबुली त्यांना द्यावी लागली नाही. तलाव आजही शहराच्या मध्यभागी आहे.

पण आतून शोध चालू नसलेल्या माणसाचे काय? सोलापूर जिल्ह्यातल्याच पंढरपुरात, अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांची समाधी विठ्ठलमंदिराच्या महाद्वाराबाहेर आहे. त्यांची भक्ती शतकानुशतके गाऊनही दार त्यांच्या जातभाईंना बंदच होते. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर फिरून लोकमत जागवले आणि 1 मे 1947 रोजी उपोषण मांडले. दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले. कट्टर सनातन्यांचे मत मात्र तसूभर हलले नाही. त्यांनी विधिपूर्वक मूर्तीतले तेज म्हणे घागरीत काढून घेतले! या घागरीला हसणे सोपे आहे. पण तिने एक गोष्ट उघड केली: मत शाबूत ठेवूनही माणूस दारातून बाजूला होऊ शकतो.

यावर दोन आक्षेप येतात. उपोषण हा संवाद नव्हे, दडपण आहे, हा पहिला. गांधीजींनीही गुरुजींना थांबायला सांगितले होते, तेव्हा आक्षेप हलका नाही. ते दडपण होतेच. मात्र दाराबाहेर उभे केलेल्यांवरचे दडपण त्याहून जुने होते, आणि गुरुजींनी कोणाकडून श्रद्धात्यागाची कबुली मागितली नाही. दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा: हटवाद्याची वाट पाहायची तरी किती? नाशिकच्या काळाराम मंदिरातील प्रवेशासाठीचा सत्याग्रह 1930 पासून पाच वर्षे चालूनही दार उघडले नाही आणि 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्याच्या माणुसकीवरच घाला येतो, त्याने समजूत काढत बसावे, असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. संवादाची जबाबदारी दाराच्या आत असलेल्यांवर अधिक पडते, ती म्हणूनच.

तेव्हा हटवाद्याशी बोलताना आधी ठरवावे, की आपल्याला त्याचे मन हवे आहे की त्याचे वर्तन. मन हवे असेल, तर त्याच्याच श्रद्धेतून प्रश्न काढावा लागेल आणि उत्तर त्याच्या सवडीने येईल. वर्तनाने दुसऱ्याचा हक्क अडत असेल, तर त्या सवडीसाठी कोणाला ताटकळत ठेवता येत नाही. घागर त्याने खुशाल जपावी. दार आधी उघडावे.