आठवण गेल्यावर कोण उरते?

जॉन लॉकने 1694 मध्ये ‘मी’ची मर्यादा आखली: भूतकाळात जाणीव पोचते तिथवर मी. हे मानले, तर नेदरलँड्समधल्या वेस्पच्या होगेवेक शुश्रूषागृहातले तीव्र स्मृतिभ्रंशाचे वृद्ध जवळजवळ कोणीच नव्हेत. तिथला दिवस मात्र वेगळे सांगतो. 2009 पासून ते सहा-सात जणांच्या घरांत राहतात, आवारातल्या दुकानातून वाणसामान आणतात, स्वयंपाकात हात लावतात. मुलीचे नाव हरवते, पण बटाटा सोलायची हाताची सवय पुष्कळ टिकते. आयोवा विद्यापीठाच्या 2014 च्या प्रयोगात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखद चित्रफिती दाखवल्या. पाहिलेले बहुतेक पुसले गेले, दुःख रेंगाळले. ‘तिला आठवणारच नाही, मग भेटायला कशाला जायचे?’ हा व्यवहारी (आणि आपल्या सोयीचा) प्रश्न इथेच लंगडा पडतो.

कोणी म्हणेल, भावना जनावरालाही असते, त्याने व्यक्ती सिद्ध होत नाही. खरे आहे. पण अनोळखी हाताने अंघोळ घालताना आक्रसणारी बाई लाजते, नकार देते. लाज आणि नकार व्यक्तीचेच. गीतेच्या दुसऱ्या अध्यायाचा दाखलाही देतात: स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश, त्यातून सर्वनाश. पण ती साखळी विषयांच्या ध्यासातून, क्रोधातून सुरू होते. मेंदूच्या आजाराला ती लावणे म्हणजे रुग्णालाच दोषी ठरवणे. होगेवेक म्हणजे वृद्धांसाठी रचलेले बनावट गाव, हा आरोप मला अधिक गंभीर वाटतो. गाव रचलेले आहे, हे कबूल. पण तिथे विकत घेतलेली भाजी रात्री खरोखर शिजते.