मारका बैल व त्याचा धनी

शास्त्रपाठ : निर्गम 21 : 28, 29

मोशेच्या नियमशास्त्रात बैलाविषयी जो निर्बंध आहे, तो शेतकऱ्यास कोणी फोड करून सांगावयास नको. बैलाने अकस्मात कोणास शिंगाने ठार केले, तर बैल मारावा, धनी निर्दोष. परंतु तो बैल पूर्वीपासून मारका असेल, लोकांनी धन्यास तसे बजाविले असेल आणि तरीही त्याने त्यास बांधून ठेविले नसेल, तर त्या रक्ताचा जाब धन्याने द्यावा. शिंग बैलाचे खरे. पण दावे ज्याच्या हाती होते तो सुटत नाही.

आता आमच्या गावांतून बैल कमी झाले व मोटारसायकली वाढल्या. दहावीतला मुलगा बापाची गाडी काढतो, दोघा सोबत्यांस मागे बसवितो व तालुक्यास जातो. आणि बाप ओट्यावर बसून शेजाऱ्यास कौतुकाने सांगतो की, पोरगा हुशार निघाला! सोळा वर्षांच्या मुलास कायदा फार तर 50 सी.सी. पर्यंतची, गियर नसलेली दुचाकी चालवू देतो. बाकी साऱ्या गाड्यांस अठरा वर्षे पुरी असावी लागतात. मोटार वाहन कायदा 1988 सालचा. त्यात 2019 साली जी दुरुस्ती झाली, ती वाचताना आम्हांस निर्गमाचाच अध्याय आठवला. अज्ञान मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर त्याचा पालक अथवा गाडीचा मालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलास पंचवीस वर्षे पुरी होईपर्यंत परवाना नाही. ‘गाडी माझ्या नकळत नेली’ किंवा ‘नेऊ नये म्हणून मी सर्व खबरदारी घेतली होती’ असे पालकाने सिद्ध केले, तरच तो शिक्षेतून सुटतो. किल्ली खुंटीस टांगून ठेवणाऱ्यास हे सिद्ध करणे कठीण जाईल.

कोणी म्हणेल, ही श्रीमंतांच्या मुलांची गोष्ट आहे. 19 मे 2024 रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील एक तरुण व एक तरुणी ठार झाली; ती मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. त्या मोटारीची किंमत आमच्या अख्ख्या वस्तीच्या घरांहून अधिक असेल. पण कायद्याने तेथे मोटारीची किंमत विचारलेली नाही, चालविणाऱ्याचे वय विचारले आहे.

हेल्मेटाविषयी थोडेच लिहितो, कारण ते सर्वांस ठाऊक असून कोणी घालीत नाही. सरकारी अहवालाप्रमाणे 2022 साली भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांपैकी 50,029 जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. मागे बसणाऱ्या बाईसही ते सक्तीचे आहे. पदर काही हेल्मेट नव्हे.

लूकाच्या दहाव्या अध्यायातील याजक व लेवी का थांबले नाहीत, हे शास्त्र सांगत नाही. आमच्याकडील लोक मात्र कारण सांगतात : “पाळकसाहेब, कोर्टकचेरीचे लचांड कोण गळ्यात घेईल?” तेही कारण आता उरले नाही. सद्हेतूने जखमीस मदत करणाऱ्यावर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि पोलीस त्यास नावगाव सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. शोमरोन्यास एवढे अभय कोणी दिले नव्हते, तरी तो थांबला.

आता त्या घराकडे वळू या, ज्याचा कर्ता रस्त्यावरून परत आला नाही. मातीस चार दिवस झाले नाहीत तोच दीर विधवेस म्हणतात, “जमीन आमच्या बापजाद्यांची, तू माहेरी जा.” हा अन्याय आम्ही ख्रिस्ती म्हणविणाऱ्या घरांत पाहिला आहे, आणि तो पाहून गप्प बसणारे वडीलधारेही पाहिले आहेत. ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करता मेला, तर 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्याच्या मालमत्तेचा एकतृतीयांश विधवेचा आणि दोनतृतीयांश लेकरांचा. त्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा. लेकरे असताना भावांस त्यात काही नाही. सलाफहादाच्या मुली मोशेपुढे उभ्या राहून वतन मागत्या झाल्या, तेव्हा परमेश्वराने त्यांचे म्हणणे रास्त ठरविले, हे गणनेच्या सत्ताविसाव्या अध्यायात वाचावे.

अपघाताच्या भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करावा लागतो. तेथे पहिला प्रश्न येतो की, ही बाई मृताची पत्नी कशावरून? म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती की, विवाहाच्या नोंदवहीत वधूवर, पाळक व दोन साक्षी यांच्या सह्या आहेत की नाहीत, ते याच आठवड्यात पाहावे, आणि दाखल्याची प्रत प्रत्येक घरी पोचवावी. कोणी विधवेपुढे हक्कसोडपत्र घेऊन आला, तर तिने त्यावर अंगठा देऊ नये. तो कागद तालुका विधी सेवा समितीस दाखवावा. 1987 च्या कायद्याने स्त्रीस तेथे वकील विनामूल्य मिळतो, आणि तिच्याबरोबर कचेरीपर्यंत जाणे हे उपदेशकाचे काम आहे.