नाटकदीप: हॉल रिकामा झाल्यावरचा दिवा



आजचं वाचन: पंचदशी, प्रकरण १०, नाटकदीप.

विद्यारण्य स्वामींचा हा १४व्या शतकातला ग्रंथ. नावाप्रमाणे प्रकरणं १५: पाच ‘विवेक’, पाच ‘दीप’, पाच ‘आनंद’. आजचं प्रकरण दीपांमधलं शेवटचं.

दृष्टांत नृत्यशाळेचा आहे. धनी बसलाय, समोर सभा आहे, नर्तकी नाचतेय, साथीदार ताल धरतायत आणि एक दिवा तेवतोय. धनी म्हणजे अहंकार, नर्तकी म्हणजे बुद्धी, साथीदार म्हणजे इंद्रियं. सभेतले प्रेक्षक म्हणजे विषय. आणि दिवा म्हणजे साक्षी, आपलं खरं स्वरूप.

इथे जरा थांबा. आपल्याला वाटतं, आपण प्रेक्षक आणि जग आपल्यासमोर नाचतंय. स्वामींनी मांडणी उलटी केली आहे. विषय मजेत बसलेत आणि आपली बुद्धी त्यांच्यापुढे नाचून दमतेय! रात्री दीड वाजता ‘अजून एकच एपिसोड’ म्हणताना नक्की कोण कोणाला नाचवतंय, ते ज्याचं त्याने बघावं.

दिवा मात्र धन्याला जास्त आणि नर्तकीला कमी असा भेद करत नाही. जागचा हलत नाही. आणि सगळे उठून गेले तरी तेवतच राहतो, रिकामी शाळा उजळत.

हे वाचताना मला मागच्या महिन्यातली एक संध्याकाळ आठवली. एका मित्राने घरी प्रोजेक्टर घेतला, तो बसवायला आम्ही दोघं लागलो होतो. त्याला १०० इंची चित्र हवं होतं. म्हणजे रुंदी साधारण २.२१ मीटर. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो १.२, म्हणून लेन्स भिंतीपासून साधारण २.६५ मीटरवर हवी. हॉल १० फुटांचा, म्हणजे ३.०५ मीटर. बसलं एकदाचं! रेशो १.५ असता तर त्या हॉलमध्ये हे चित्र मावलंच नसतं.

टेबल एका कोपऱ्यात होतं, त्यामुळे चित्र तिरकं पडलं. मित्र म्हणाला, “कीस्टोन आहे ना, सेटिंगमधून सरळ करू.” होतं तसं. पण कीस्टोन करेक्शन चित्राला आतल्या आत आकसून सरळ करतं, काही पिक्सेल वाया जातात आणि चित्र थोडं मऊ दिसतं. खरा उपाय एकच: प्रोजेक्टर उचलून समोर, सरळ रेषेत ठेवायचा. आम्ही टेबल हलवलं.

साधनेतही आपण बरंच कीस्टोन वापरतो. ‘सगळं माझ्यामुळे चाललंय’ ही बैठक तिरकीच ठेवायची आणि वरून पॉझिटिव्ह थिंकिंगने चित्र सरळ करत बसायचं. थोडा आराम पडतो, नाही असं नाही. पण शास्त्र म्हणतं, बैठक बदल. तू धनी नाहीस आणि नर्तकीही नाहीस, तू दिवा आहेस.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. त्याच्या डीएलपी चिपवर लाखो सूक्ष्म आरसे असतात. जिथे काळं दाखवायचं, तिथले आरसे प्रकाश लेन्सकडे न पाठवता बाजूला वळवतात. पडद्यावर अमावस्या, पण आत दिवा चालूच! सिनेमा संपून ‘नो सिग्नल’ आलं, तरी ती अक्षरंही त्याच दिव्याने दिसतात.

सगळं जमल्यावर मित्र सहज बोलून गेला, “बाबा गेल्यापासून घर खायला उठतं रे. काहीतरी चालू असलं की बरं वाटतं. झोप लागेपर्यंत बंदच करत नाही.”

तेव्हा मी काही बोललो नाही. अशा वेळी वेदान्त सांगायचा नसतो, शेजारी बसायचं असतं. पण आपल्यातल्या कितीतरी जणांचं हेच आहे. कोणाची नोकरी गेली, कोणाचं लग्न मोडलं, कोणी परक्या शहरात एकटं राहतंय. शो थांबला की जे रितेपण समोर येतं, त्याची भीती वाटते. ध्यानाला बसल्यावरही ‘काहीच दिसत नाही, नुसतं ब्लँक होतं’ म्हणून आपण उठतो.

नाटकदीप नेमका इथे हात धरतो. ‘घर रिकामं आहे’ हे तुला कळलं ना? मग कळणारा तिथे आहे. रितेपण ज्याच्या प्रकाशात दिसतं, तो स्वतः रिता नाही. दुःख खोटं आहे, रडू नकोस, असा याचा अर्थ घेऊ नका. रडणं येईल, येऊ द्या. ते रडणंही त्याच दिव्याच्या उजेडात आहे, आणि अश्रूंनी तो विझत नाही.

दृष्टांत अर्थातच पूर्ण लागू होत नाही. प्रोजेक्टरचा दिवा कधीतरी जातो, बदलावा लागतो. साक्षीला वॉरंटी लागत नाही.

आजची साधना छोटीशी. रात्री जे काही बघाल, ते संपल्यावर ऑटोप्ले बंद ठेवा. लगेच फोन हातात घेऊ नका. दोनच मिनिटं त्या शांत खोलीत बसा. मनात जे येईल ते येऊ द्या: आठवण, कंटाळा, भीती. फक्त इतकंच विचारा, हे सगळं कोणाला दिसतंय? उत्तर शब्दांत यायलाच हवं असं नाही. मग एकदा नाम घ्या आणि झोपा.

आणि ज्याचं घर खायला उठतंय असा कोणी ओळखीचा असेल, तर हा लेख फॉरवर्ड करण्याआधी त्याला फोन करा.

॥ हरि ॐ तत्सत् ॥