पोच

फेब्रुवारी २०२० मधल्या एका रविवारी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा झाली. तिचं इतिवृत्त मी लिहिलं. शेवटून दुसरी ओळ अशी आहे: वकिलांविरुद्ध पोलिसांत फिर्याद द्यावी, असे सर्वानुमते ठरले. अक्षर माझं आहे, खाली सचिव म्हणून सहीही माझीच. 'सर्वानुमते' हा शब्द मला कुणी सांगितला नव्हता. सगळे एकदम बोलत होते, हात वर झाले होते की नुसतेच हवेत हलत होते तेही मी नीट पाहिलं नाही. शब्द सवयीने उतरला.

ज्यांच्याविषयी तो उतरला ते तिथे नव्हते. ते त्या दिवशी बेळगावला होते, आईच्या वर्षश्राद्धाला. हे मला माहीत होतं. सभा पुढच्या रविवारी घेऊ, असं मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही.

मी पुण्याची. लग्न होऊन बंगळुरूच्या के. आर. पुरमला आले त्याला आता एकतीस वर्षं झाली. १९४८ साली दूरवाणीनगरला टेलिफोनचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती देशभरची माणसं येऊन वसली. माझे सासरे त्यांतलेच एक. पुढे व्हाइटफील्डकडे आयटीच्या कंपन्या गेल्या आणि आमच्या बाजूच्या जुन्या महसुली जमिनींवर इमारतींमागून इमारती चढल्या. अशा जमिनीवर घर घेतलं की 'खाता' हा शब्द आयुष्यात शिरतो. खाता म्हणजे पालिकेच्या दप्तरातली मालमत्तेची नोंद. ती मालकीचा पुरावा नाही, पण 'ए' खाता नसेल तर बँक कर्जाला नाक मुरडते आणि गिऱ्हाईक अर्ध्यातून परत जातं. आमच्या ६४ घरांचा खाता 'बी' होता. तो 'ए' करून घ्यायचा, त्यासाठी सुधारणा शुल्क भरायचं, म्हणून प्रत्येक घरातून पैसे गोळा झाले. कागदपत्रं बघायला तिसऱ्या मजल्यावरचे वकील. कचेरीत खेटे घालायला एक एजंट, जो समितीतल्या कुणीतरी आणला होता. पैसे दोन हप्त्यांत एजंटाच्या हाती गेले. पावत्या आल्या. त्या बनावट निघाल्या, तोवर एजंटाचा फोन बंद झाला होता.

एजंट सापडेना. वकील मात्र रोज सकाळी जिन्यात भेटत होते.

त्यांना सगळी इमारत 'वकीलसाहेब' म्हणायची, मी अण्णा म्हणायचे. इथे मराठी बोलणारी आम्ही दोनच घरं. त्यांच्या घरी भडंग केली की वाटी खाली यायची. माझ्या मुलीला दहावीत कन्नड त्यांनी शिकवलं. हे सांगते आहे ते माझा अपराध वाढवण्यासाठी नाही, तो आहे तेवढाच आहे. पण अनोळखी माणसाबद्दल वाईट ऐकून विश्वास ठेवणं वेगळं आणि ज्याच्या घरची वाटी आपल्या ओट्यावर परत द्यायची राहिली आहे त्याच्याबद्दल ठेवणं वेगळं.

आरोप असा होता की वकिलांना पावत्यांचा संशय आधीच आला असणार, कायद्याचा माणूस तो, पण त्यांनी सोसायटीला कळवलं नाही; म्हणजे एजंटाशी साटंलोटं. पुरावा काहीच नव्हता. 'असणार' हा एकच शब्द होता. पुढच्या महिन्यात टाळेबंदी लागली आणि माणसं घरात कोंडली गेल्यावर त्या 'असणार'चं व्हॉट्सअॅपच्या गटावर 'आहे' झालं. अण्णांची कामं तुटत गेली. वकिलाकडे विकायला दुसरं काय असतं? त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून माणसं कागद त्याच्या हवाली करतात, तो विश्वास गेला की काळा कोट नुसता कापडाचा उरतो. २०२१ मध्ये ते फ्लॅट भाड्याने देऊन बेळगावला गेले. २०२३ मध्ये पोलिसांनी त्यांच्यापुरता 'बी रिपोर्ट' दिला. कर्नाटकात तपासाअंती फिर्यादीत तथ्य आढळलं नाही की न्यायालयात जो अहवाल जातो त्याला तसं म्हणतात. आमच्या गटावर ती बातमी कुणीतरी टाकली. तिच्यावर दोन अंगठे उमटले आणि खाली लगेच पाण्याच्या टँकरचं वेळापत्रक आलं.

मी तेव्हाही स्वतःला सांगितलं की मला काय माहीत होतं? सगळे म्हणत होते.

एवढ्यावर ते मिटलंही असतं. मग मेट्रो सुरू झाली. ऑक्टोबर २०२३ पासून जांभळ्या मार्गाची गाडी के. आर. पुरमहून थेट मॅजेस्टिककडे जायला लागली, मला कामावर जाताना वाचायला वेळ मिळू लागला, आणि मुलीने एक जुनी इंग्रजी कादंबरी हातात दिली. स्कॉट टुरो यांची 'प्रिझ्यूम्ड इनोसंट', १९८७ ची. टुरो स्वतः शिकागोत सरकारी वकील होते आणि तिचा बराच भाग त्यांनी कामावर जाता-येता आगगाडीत लिहिला. तिचा नायकही सरकारी वकील. सहकारी स्त्रीच्या खुनाचा आरोप त्याच्यावर येतो, आणि ज्या कोर्टात तो दुसऱ्यांना शिक्षा मागायचा तिथे आरोपी म्हणून बसतो. गोष्ट तोच सांगतो. तरीही मी त्याच्यावर संशय घेत राहिले. तो बायकोशी बोलला की वाटायचं, काहीतरी लपवतोय. तो गप्प बसला तर मग खात्रीच. बेन्निगानहळ्ळी आली तरी मान वर होत नव्हती. आणि एका सकाळी, झुलत्या पुलाच्या तारा खिडकीतून सरकत असताना, मला त्या चवीची ओळख पटली. ही चव मी आधी घेतली होती. पार्किंगमधल्या त्या खुर्चीवर, मांडीवर वही घेऊन बसलेली असताना, मी दुःखी नव्हते. मला राग होता, भीतीही होती, पण त्याच्या तळाशी एक हुरूप होता. कुणीतरी दोषी सापडत होतं आणि ते मी नव्हते.

कादंबरीत संशय घेणं हा वाचकाचा हक्क आहे. कागदावरच्या माणसाची पोटापाण्याची कामं त्यामुळे तुटत नाहीत.

त्यानंतर मी ताई महाराज प्रकरण पुन्हा वाचायला घेतलं. पुण्यात वाढलेल्या माणसाला ते नावाने तरी माहीत असतं. लोकमान्य टिळक कायद्याचे पदवीधर, कायद्याचे वर्गही चालवलेले. ऑगस्ट १८९७ मध्ये ते राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले असताना त्यांचे मित्र, पुण्याचे सरदार बाबा महाराज, मृत्युशय्येवर होते. त्यांनी आपल्या इस्टेटीची जबाबदारी टिळकांवर आणि इतर विश्वस्तांवर टाकली. १९०१ मध्ये औरंगाबादला विश्वस्तांच्या उपस्थितीत एका मुलाचं दत्तकविधान झालं. पुढे बाबा महाराजांच्या तरुण विधवा पत्नी, ताई महाराज, यांनी ते नाकारलं आणि कोल्हापूरला दुसरा मुलगा दत्तक घेतला. त्यातून टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचा आणि बनावटीचा ठपका आला. ऑगस्ट १९०३ मध्ये विशेष दंडाधिकाऱ्याने त्यांना अठरा महिने सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड सुनावला. अपिलात शिक्षा सहा महिन्यांवर आली, आणि मार्च १९०४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती पूर्ण रद्द केली.

शाळेत गोष्ट इथे संपायची. पण फौजदारी सुटका झाली तरी दिवाणी दावा चालूच होता, आणि १९१० मध्ये, टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना, उच्च न्यायालयाने त्यात त्यांच्या बाजूच्या साक्षीवर अविश्वास दाखवला. दत्तकाच्या वेळी जे हजर होते त्यांत अमरावतीचे नामांकित वकील दादासाहेब खापर्डेही होते. हे सगळे मिळून खोटं बोलत आहेत, असा त्या निकालाचा अर्थ होत होता. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलं. मार्च १९१५ मध्ये निकाल टिळकांच्या बाजूने लागला, आणि त्यात न्यायमूर्तींनी जो मुद्दा धरला त्यावर मी पेन्सिलीने खूण केली आहे. साक्षीदाराला खोटारडा ठरवायचं असेल तर आधी त्याच्या तोंडावर ते म्हणा. त्याचं वेगळं काही विधान असेल तर ते त्याच्यापुढे ठेवा, खुलासा करायची संधी द्या. उलटतपासणीत एक शब्द विचारायचा नाही आणि निकालात मात्र कट होता म्हणायचं, हे न्यायाला धरून नाही. शंभराहून जास्त वर्षं झाली, साक्षीपुराव्याचा १८७२ चा कायदा जाऊन जुलै २०२४ पासून नवा आला, तरी हे तत्त्व वकील कोर्टात आजही सांगतात. इंग्लंडात तेच तत्त्व १८९३ च्या एका खटल्यात मांडलं गेलं होतं. तिथेही आरोप एका वकिलावरच होता, की त्याने शेजाऱ्यांच्या नावाने खोटं वकीलपत्र रचलं. सह्या करणारे शेजारी साक्षीला आले, कागद खरा आहे म्हणाले, आणि त्यांना कुणी 'तुम्ही खोटं बोलताय' असं विचारलंच नाही.

शेजारी. मी तो शब्द बराच वेळ बघत राहिले.

(ताई महाराजांबद्दल एक बोलायचं आहे. आमच्याकडे ही गोष्ट सांगताना त्या हट्टी, दुसऱ्याच्या कानाने ऐकणाऱ्या बाई म्हणून येतात. कोवळ्या वयात विधवा झालेली, जन्मलेलं मूलही दोन महिन्यांत गेलेलं, इस्टेट पुरुष विश्वस्तांच्या हाती. टिळकांवरचा आरोप खोटा होता हे मी मानते. तरी त्या मुलीला काय हवं होतं, हेही आम्ही कधी विचारलं नाही.)

आता जे मी माझ्या नवऱ्यालाही नीटसं सांगितलेलं नाही ते लिहिते. 'मला काय माहीत होतं' हे खरं नाही. 'मी विचारलं नाही' हे खरं आहे, पण तेही पुरतं खरं नाही. मी विचारलं नाही, कारण उत्तराचा एक तुकडा माझ्याजवळ होता. सप्टेंबर २०१९, गणपतीचे दिवस. घरात मोदकांची उकड चालली होती, हात तांदळाच्या पिठाने भरलेले. अण्णा दारात आले, एक तपकिरी पाकीट दिलं, एका कागदावर सही घेतली आणि म्हणाले, "वहिनी, सावकाश वाचा, पण वाचा." मी पाकीट फ्रिजवर ठेवलं. तिथून ते सोसायटीच्या फाइलींत गेलं असेल. मी ते उघडल्याचं मला आठवत नाही. पण फेब्रुवारीतल्या सभेत जेव्हा कुणीतरी ओरडलं की वकिलाने एका शब्दाने तरी सावध केलं का, तेव्हा मला ते पाकीट आठवलं. स्पष्ट आठवलं, त्यावरच्या पिठाच्या बोटांसकट. दुसऱ्या हप्त्याच्या चेकवर दोन सह्या होत्या, त्यांतली एक माझी. त्या पाकिटात काय असेल याचा अंदाज मला आला आणि मी मान खाली घालून लिहीत राहिले. घरी गेल्यावर फाइल उघडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. न उघडलेल्या पाकिटातलं मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मी जपून ठेवली. पुढे सचिवपद सोडताना फाइली दुसऱ्यांच्या हवाली केल्या आणि हलकं वाटलं, तेही आठवतं.

या जानेवारीत रात्रीच्या गाडीने बेळगावला गेले. अण्णा टिळकवाडीत राहतात. आधी फोन केला होता, येते म्हणून, कशाला ते सांगितलं नव्हतं. त्यांच्या पत्नीने, अक्कांनी, पाणी दिलं. अण्णा वाळले आहेत, डाव्या कानाने कमी ऐकू येतं. मुलीची चौकशी केली, इमारतीत कावेरीचं पाणी आलं का विचारलं. मी तयारी करून गेले होते. माफी मागायची वाक्यं गाडीत तीनदा म्हटली होती. पहिलंच वाक्य सुरू केलं तर त्यांनी हात वर केला.

"माफी नंतर, वहिनी. आधी विचारा."

"काय विचारू?"

"त्या दिवशी जे विचारायचं होतं ते. पाच वर्षं झाली, मी उत्तर घेऊन बसलोय की."

मी विचारलं. तुम्हाला पावत्यांचा संशय आला होता का, आणि आला असेल तर आम्हाला सांगितलंत का. आवाज बारीक झाला होता, त्यांनी उजवा कान पुढे केला, मला पुन्हा मोठ्याने विचारावं लागलं. आतल्या खोलीतली भांड्यांची हालचाल थांबली.

त्यांनी कपाटातून फाइल काढली. कोर्टात लावतात तशी, पानांना क्रमांक घातलेली. पहिला हप्ता, पहिली पावती, तिच्यावरच्या क्रमांकात काय चुकलं होतं, ते त्यांच्या कधी लक्षात आलं, मग कचेरीत कुणाला भेटले. पाऊण तास बोलले. एकदाही आवाज चढला नाही. अकराव्या पानावर सोसायटीच्या सचिवांना लिहिलेलं पत्र होतं: पावती संशयास्पद वाटते, खातरजमा होईपर्यंत दुसरा हप्ता देऊ नये.

"हे तुम्ही तेव्हाच सगळ्यांना का नाही दाखवलंत?"

"पोलिसांनी मागितलं, त्यांना दिलं. तुमच्यातलं कुणी मागायला आलं नाही," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि त्याच्यावर नाव तुमचं होतं."

पत्राच्या खाली डाव्या कोपऱ्यात 'पोच' असा शब्द होता, माझी सही, आणि तारीख. चेक गेला त्याच्या नऊ दिवस आधीची. सहीजवळ कागद जरासा उठला होता, ओलं बोट लागून सुकल्यासारखा.