किडीवर रोग सोडणे न्याय्य आहे काय?

नीरेच्या काठी, शिरवळच्या आसपास ज्यांची उसाची शेते आहेत, त्यांस हुमणी म्हणजे काय आपत्ती, हे सांगावयास नको. वळवाचा पाऊस पडला की तिचे भुंगेरे जमिनीतून निघतात, रात्री कडुनिंब व बाभूळ यांचा पाला खातात आणि मातीत अंडी घालतात. त्यांतून निघालेल्या अळ्या उसाची मुळे कुरतडतात. मग हिरवेगार बेट पिवळे पडते व हाताने ओढताच उपटून येते. वर्षाची मेहनत गेली, सावकाराचे देणे मात्र राहिले!

या अळीवर मेटारायझियम नावाची सूक्ष्म बुरशी योजतात. ती शेणखतात मिसळून ओल्या जमिनीत घालतात. तिचे बीजकण अळीच्या कातडीस चिकटून रुजतात व आत शिरतात. काही दिवसांनी अळी मरते आणि तिच्या शरीरावर हिरवा थर चढतो. ही युक्ती अगदी नवी नव्हे. १८७९ साली मेचनिकॉफ नामक रशियन पंडिताने गव्हावरील भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर हीच बुरशी योजून पाहिली होती.

परंतु जाणूनबुजून दुसऱ्या जीवावर रोग सोडणे योग्य आहे काय? कोणी म्हणतात, विष घालणे क्रूरपणाचे, बुरशी मात्र निर्दोष. आम्हांस हे पटत नाही. अळीस मरण ते मरणच; रोगाचे तर अधिक सावकाश. जो बुरशी पेरतो त्याने आपण जीव घेत आहो, हे प्रामाणिकपणे कबूल करावे. दुसरे कोणी म्हणतात, रोगास मनुष्याने हातच लावू नये. पण ही बुरशी मातीत मुळचीच आहे. आपण नवे वैर उत्पन्न करीत नाही. जे चालूच आहे त्यास बळ देतो. शिवाय मुलांच्या तोंडचा घास राखणे हेही कर्तव्यच होय.

तर मग न्याय कशावरून ठरवावा? आमच्या मते, घाव कोठवर पोहोचतो यावरून. जहाल विष अळीबरोबर पुष्कळ निरपराध जीवांस मारते, आणि फवारणाऱ्या मजुरासही बाधते. बुरशीचा घाव त्याहून आखूड आहे. तथापि तो केवळ शत्रूवरच पडतो असे समजू नये. बव्हेरिया नावाच्या दुसऱ्या बुरशीचेच पाहा. १८३५ साली इटलीतील बासी यांनी दाखविले की, रेशमाचे किडे पांढरे पडून मरतात ते हिच्यामुळे. तीच आज पिकांवरील किडींसाठी विकतात! म्हणजे एकाच्या शेतात जी चाकर, ती शेजाऱ्याच्या रेशीमघरात वैरीण. म्हणून ज्याच्या बांधापलीकडे तुती आहे, त्याने ती फवारण्यापूर्वी शेजाऱ्यास विचारावे.

आणखी एक गोष्ट. बुरशीस ओल पाहिजे, अवधी पाहिजे. कडक उन्हात ती टिकत नाही. आज घालून उद्या गुण मागणारा निराश होईल. भुंगेऱ्यांस तर बांध ठाऊक नाही. म्हणून पहिल्या पावसानंतर साऱ्या गावाने मिळून रात्री झाडांच्या फांद्या हलवाव्या, पडलेले भुंगेरे वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकावे, आणि उरलेल्या अळ्यांसाठीच बुरशी योजावी.

जीव घेणे सर्वस्वी टाळता येत नाही, हे शेतकऱ्याचे दुःख आहे. परंतु गरजेपुरताच घ्यावा आणि त्याची झळ शेजाऱ्यास लागू देऊ नये, एवढे तर आपल्या हाती आहे.