धर्माचा ससा आणि त्याचे दात

‘धर्माची गाय आणि दात का नाय’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढणाऱ्याला ती ऐकवली जाते. गायीचे वय दातांवरून ओळखतात, म्हणून विकत घेणारा आधी तोंड उघडून पाहतो. दानात मिळालेल्या गायीच्या बाबतीत मात्र तसे करायचे नसते. मिळाले ते गोड मानून घ्यायचे असते. म्हण शहाणपणाची आहे. पण एक प्राणी असा आहे, की तो दान म्हणून घरी आला तरी त्याचे दात पहिल्याच आठवड्यात पाहावे लागतात. तो म्हणजे ससा. आणि दात पाहिल्यावर कधी कधी एक प्रश्न उभा राहतो, त्याचा आज आपण विचार करू या.

आपल्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने मध्यंतरी एक ससा दत्तक घेतला. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या काही तरुणांना तो एका इमारतीच्या आवारात, खोक्यात सोडून दिलेला सापडला होता. विकतचा आणायचा नाही, टाकून दिलेल्या जिवाला घर द्यायचे, असा हट्ट मुलीने धरला आणि आईवडिलांनी तो मानला. दहा दिवसांत सशाचे खाणे कमी झाले. हनुवटी सतत ओली दिसू लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की दाढा वाढून त्यांची टोके जिभेला आणि गालाला टोचत आहेत. भूल देऊन त्या घासाव्या लागतील आणि हा त्रास पुन्हा पुन्हा उद्भवेल. घरात चर्चा सुरू झाली. मामा म्हणाले, “ज्यांनी दिला त्यांना परत द्या.” शेजाऱ्यांनी सुचवले, “डोंगराकडे नेऊन सोडा, गवत खाऊन सुखात राहील.” आजी म्हणाली, “सशापायी एवढा खर्च? मग माझ्या गुडघ्यांचं काय?” शेवटी वडिलांनी आम्हाला विचारले, “फादर, आम्ही चांगलं करायला गेलो. हे आजारपण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मग ते आमच्या अंगावर येतं का?”

प्रश्न सरळ आहे आणि उत्तर तितके सरळ नाही.

आधी हा जीव कसा आहे ते समजून घेऊ. सशाला अठ्ठावीस दात असतात आणि ते जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात तर आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर वाढतात. दिवसभर गवत चघळले की ते आपोआप झिजतात. ज्या सशाला पाव, बिस्किटे आणि गाजरे यांवर वाढवले, त्याचे दात झिजत नाहीत आणि दाढांना टोके फुटतात. चित्रातला ससा गाजर खातो, पण खऱ्या सशाचे मुख्य अन्न वाळलेले गवत आहे. गाजर हा त्याचा अधूनमधूनचा खाऊ.

दुसरी गोष्ट त्याच्या पोटाची. सशाला उलटी होत नाही आणि त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते. दात दुखले, भीती वाटली किंवा उकाडा असह्य झाला की तो खाणे सोडतो. खाणे सोडले की आतडे मंदावते, पोटात वायू धरतो, दुखणे वाढते आणि खाणे आणखी कमी होते. म्हणून बारा तास काही खाल्ले नाही, तर ‘उद्या बघू’ म्हणण्याची सोय नसते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. दुखणे दाखवले की शिकारी हेरतो, हे त्याच्या रक्तात आहे. म्हणून तो विव्हळत नाही. कोपऱ्यात शांत बसतो आणि आपल्याला वाटते, किती गरीब आहे! त्यामुळे दत्तक देणाऱ्यांनी काही लपवले होते, असे धरून चालण्याचे कारण नाही. बहुधा सशानेच लपवले होते.

आता नीतीचा प्रश्न. प्राण्यांविषयी माणसाचे काही कर्तव्य आहे काय, याचा विचार तत्त्वज्ञांनी पुष्कळ केला आहे. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांचे म्हणणे असे होते, की प्राण्यांशी क्रूरपणे वागू नये, कारण तशा वागण्याने माणूस माणसांशीही क्रूर होतो. म्हणजे कर्तव्य प्राण्याविषयी नाही, प्राण्यामुळे आहे. अठराव्या शतकातील जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनीही जवळपास हीच भूमिका घेतली. त्यांनी म्हाताऱ्या कुत्र्याचे उदाहरण दिले आहे. ज्याने आयुष्यभर इमानाने चाकरी केली, त्याला म्हातारपणी धन्याने सांभाळायला हवे, असे ते म्हणतात.

कुत्र्याच्या बाबतीत हे पटते. पण आपल्या सशाने काय चाकरी केली आहे? तो दहा दिवसांपूर्वी आला. घर राखले नाही, दूध दिले नाही, मुलीला ओळखायलासुद्धा अजून लागला नाही. कृतज्ञतेच्या हिशोबात त्याच्या नावावर काहीच जमा नाही. सेवेची परतफेड हाच आधार मानला, तर आजारी निघालेल्या नव्या पाहुण्याला आपण काहीही देणे लागत नाही.

इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथॅम यांनी १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वेगळा मुद्दा मांडला. प्राण्याला बुद्धी आहे की नाही, बोलता येते की नाही, हे विचारू नका. त्याला वेदना होतात की नाही एवढेच पाहा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. या मुद्द्याने सशाला न्याय मिळतो. पण त्यातून एक अडचण निघते. वेदना तर जगातल्या सगळ्याच आजारी सशांना होतात. मग या वडिलांनी याच सशासाठी का पैसे खर्च करावेत? शेजारच्या गल्लीतील सशाविषयी कुणी त्यांना विचारत नाही.

आम्हाला वाटते, याचे उत्तर घराच्या दारात आहे. खोक्यातला ससा रस्त्यावर होता तेव्हा तो सर्वांचा होता. कुणीही येणारा-जाणारा त्याला उचलू शकत होता. ज्या दिवशी या कुटुंबाने त्याला घरात घेऊन दार लावले, त्या दिवशी इतर सर्वांचे हात त्याच्यापासून दूर झाले. आता त्याला पाणी मिळेल ते यांच्याच हातून आणि डॉक्टर दिसेल तोही यांनीच नेले तर. आपण त्याला वाचवले हे खरे, पण त्याच वेळी आपण त्याला पूर्णपणे आपल्यावर अवलंबून केले हेही तितकेच खरे. कर्तव्य जन्मते ते इथे. त्याने काही कमावले म्हणून ते आलेले नाही. आपण त्याला आत घेतले म्हणून आले आहे.

“पण आजारपण ठाऊक नव्हते,” हा मुद्दा उरतो. त्याचे उत्तर असे, की व्यवहारात माल पाहून घेतात आणि खोट निघाली तर परत करतात. दत्तक घेणे हा तसा व्यवहार नाही. आपण जिवाला घरात घेतो तेव्हा त्याचा भूतकाळही आत येतो. कुणीतरी त्याला पाव खाऊ घातला होता, कुणीतरी त्याला उन्हात ठेवले होते, त्याचा परिणाम आता आपल्या घरात दिसतो आहे. टाकून दिलेला जीव धडधाकटच असावा अशी अट घालायची, तर मग आपण टाकून दिलेला जीव घेतलाच नाही, फक्त फुकटचा ससा घेतला.

मग कर्तव्य किती? यासाठी घरात निघालेले तीनही सल्ले तपासून पाहू.

डोंगराकडे सोडण्याचा सल्ला अज्ञानातून येतो. मराठीत एकच शब्द असल्याने आपली फसगत होते. माळरानावरचा आपला रानससा ही वेगळी जात आहे. त्याची पिल्ले जन्मतःच अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन येतात. घरात पाळतात तो ससा मूळचा युरोपातील, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला. त्याची पिल्ले आंधळी आणि बिनकेसांची जन्मतात. त्याला रानात सोडणे म्हणजे घरी पाठवणे नव्हे. कुत्री, मुंगूस, ऊन यांच्या तावडीत तो सापडेल, आणि दाढा दुखत असताना गवतही चावू शकणार नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानेही, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा ठिकाणी जनावर सोडून देणे हा गुन्हा ठरवला आहे. हा मार्ग बंद आहे.

परत देण्याचा सल्ला मात्र तितका वाईट नाही. तो कोणत्या मनाने अमलात आणतो यावर सगळे अवलंबून आहे. ‘खराब निघाला, घ्या परत,’ असे म्हणून खोके टेकवणे वेगळे. ‘आम्ही डॉक्टरांना दाखवले, हे त्यांचे कागद, हे औषध चालू आहे, आमच्या ऐपतीत पुढचे बसत नाही, याला सांभाळणारे घर शोधायला आम्हीही मदत करतो,’ असे म्हणणे वेगळे. पहिल्यात आपण जबाबदारी टाकतो. दुसऱ्यात ती दुसऱ्याच्या हाती नीट सोपवतो. ज्याला खरोखरच झेपत नाही त्याने असे सोपवले, तर त्याला कुणी दोष देऊ नये.

आजीचा प्रश्न सर्वांत कठीण आणि सर्वांत प्रामाणिक. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात दोन्ही गोष्टी जवळजवळ सांगितल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, आणि माणसांचे दुःख हलके करण्यासाठी जो पैसा आधी जायला हवा, तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. तेव्हा आजीचे गुडघे आधी. यात शंका नको. पण हिशोब कागदावर मांडून पाहावा, असे आम्ही त्या कुटुंबाला सुचवले. सशाच्या खर्चाची गाठ खरोखर आजीच्या औषधांशी आहे, की नव्या मोबाइलशी, वाढदिवसाच्या हॉलशी? पुष्कळदा गरिबांची आणि म्हाताऱ्यांची आठवण आपल्याला सशाचे बिल आल्यावरच होते. मोबाइल घेताना होत नाही. गुडघे आणि ससा दोन्ही एका पारड्यात बसत असतील, तर आजीलाही तक्रार राहणार नाही.

आणि बसतच नसतील तर? तर कर्तव्य संपत नाही, लहान होते. प्रत्येक आजार बरा करण्याची शपथ आपण घेतलेली नाही. वेदना कमी करणे, खायला मऊ आणि बारीक करून भरवणे, उकाड्यात गार जागा देणे, एवढे तरी उरतेच. वेदना कशानेच आवरत नसतील आणि डॉक्टरच तसे सांगत असतील, तर त्यांच्या हातून प्राण्याला शांतपणे निरोप देणे हीदेखील दया असू शकते. मनुष्याच्या बाबतीत ख्रिस्तसभा हा मार्ग कधीच मान्य करत नाही, कारण माणसाच्या जिवाची किंमत त्याच्या दुखण्यावरून ठरत नाही. सशाच्या बाबतीत तशी आडकाठी नाही. मात्र तो निर्णय सशाच्या यातनांकडे पाहून घ्यावा, आपल्या कंटाळ्याकडे पाहून घेऊ नये.

या सगळ्यात पैशांपेक्षा आधी लागते ती नजर. विव्हळणाऱ्याची काळजी घेणे सोपे असते, कारण तो आपल्याला हाक मारतो. न विव्हळणाऱ्याकडे आपणच जाऊन पाहावे लागते. सशाच्या घरात हे पाहणे अगदी साधे असते. सकाळी उठून पिंजऱ्यातल्या लेंड्या पाहायच्या. रोजच्याइतक्या आहेत का? लहान, वेड्यावाकड्या झाल्या आहेत का? काल टाकलेले गवत संपले का? हनुवटी कोरडी आहे का? पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकटले असतील, तर नाक गळत असून तो पायाने पुसतो आहे असे समजावे. मान एका बाजूला कलली असेल, तर लगेच निघावे. घरातील मुलांच्या औषधातले उरलेले अँटिबायोटिक कधीही देऊ नये. पेनिसिलीनच्या जातीची तोंडाने दिलेली औषधे सशाच्या पोटातील उपयोगी जंतू मारतात आणि त्याचाच जीव घेऊ शकतात. डॉक्टरही सशांची माहिती असलेला शोधावा. कुत्र्यामांजरांना भूल देण्याआधी उपाशी ठेवतात, सशाला तसे ठेवत नाहीत. एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ कळते.

लेंड्या पाहण्याच्या कामात कसलाही गौरव नाही. कुणी टाळ्या वाजवत नाही आणि ससाही आभार मानत नाही. पण ज्या मुलीला सध्या रोज सकाळी हे काम करावे लागते आहे, ती एक गोष्ट शिकते आहे, की जो बोलत नाही त्याचेही दुखत असते. आपल्या प्रत्येक घरात असा कुणी ना कुणी असतो. अंथरुणाला खिळलेले आजोबा असतात, अबोल झालेली सून असते, ‘मला काही झालं नाही’ म्हणणारा तरुण मुलगा असतो. त्यांच्याकडे पाहायला वेगळी नजर लागत नाही, तीच लागते.

त्या वडिलांना आम्ही दिलेले उत्तर असे होते: होय, आजारपण तुमच्या अंगावर येते, पण तुमच्या ताकदीपुरतेच. ससा नीट पाहा, खर्च प्रामाणिकपणे मांडा, जमेल तेवढे करा आणि जमणार नाही ते लपवू नका. पहिल्यांदा दाढा घासून झाल्या आहेत. पुढच्या तपासणीची तारीख मुलीने कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. आजीला गुडघ्यांसाठी दाखवायचे होते, ती तारीखही त्याच पानावर आहे.